‘३०० पेपर, एच-इंडेक्स ४०’ : बुलढाण्याची केसगळती आणि सायटेशनचा हिशोब

जानेवारी २०२५ मध्ये मला शेगाव तालुक्यातून मामाचा फोन आला. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड आला, दोन मिनिटांनी फोन.

"पाय बरं भासा, हा मानूस खरा हाय का? तीनशे पेपर छापून आले म्हन्ते त्याचे. तीनशे पेपरात नाव आलं म्हंजे मोठाच असन."

मामाला पेपर म्हणजे वर्तमानपत्र वाटलं होतं. मला हसू आलं. पण मामा हसत नव्हता. त्याच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे केस चार दिवसांत मुठीमुठीनं हातात आले होते. ती डोक्याला ओढणी गुंडाळून घरात बसली होती आणि कॉलेज बंद केलं होतं.

फॉरवर्डमध्ये एका माणसाचा कोट-टायमधला फोटो होता. खाली लिहिलेलं : आंतरराष्ट्रीय इम्युनॉलॉजिस्ट, ३०० शोधनिबंध, हजारो सायटेशन, एच-इंडेक्स ४०. "इम्युनिटी बिघडली की केस जातात, ही गोळी रोज घ्या." आणि शेवटी गोळ्यांच्या डबीची ऑर्डर लिंक.

मी फोनवरच नाव सर्च केलं. गूगल स्कॉलरवर प्रोफाइल निघालं. आकडे जवळपास तेच होते. मी मामाला म्हणालो, "माणूस तर खरा आहे, मामा." मामानं डबी मागवली.

ही माझी चूक होती. मी टेक्नॉलॉजीवर लिहितो, लोकांना फेक मेसेज कसे ओळखायचे ते सांगतो, आणि मीच आकडा बघून गप्प बसलो. नेमकं काय चुकलं ते या लेखात सांगतो. कारण असे आकडे असलेले मेसेज तुमच्याही फोनवर येतात, आणि घरातले लोक तुम्हालाच विचारतात, "खरं आहे का रे हे?"

आधी बुलढाण्यात काय झालं ते

डिसेंबर २०२४ पासून बुलढाणा जिल्ह्यात, मुख्यतः शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. ३ डिसेंबर २०२४ ते २० जानेवारी २०२५ या काळात १८ गावांमध्ये २७९ जणांची नोंद झाली. त्यात बायका होत्या, कॉलेजची मुलं-मुली होती, लहान पोरंही होती.

टीव्हीनं त्याला ‘टक्कल व्हायरस’ असं नाव देऊन टाकलं. व्हायरस वगैरे काही सापडलेला नव्हता. पण नाव चिकटलं आणि त्याचा त्रास गावांना झाला. लोक त्या गावात जायला घाबरू लागले, पोरं टोपी घालून फिरू लागली, लग्नाची बोलणी अडली.

सुरुवातीला बुरशीचा संशय आला. मग पाणी तपासलं, त्यात नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले. आयसीएमआरची पथकं गावात येऊन रक्त, केस, पाणी, माती असे नमुने घेऊन गेली. अधिकृत उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि तेवढ्या वेळात व्हॉट्सअ‍ॅपवर दहा उत्तरं येऊन पडली. मामाकडं आलेलं त्यातलंच एक.

त्यात ‘इम्युनॉलॉजिस्ट’ हा शब्द पटण्यासारखा होता. आपण ज्याला चाई पडणं म्हणतो, त्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. म्हणजे केस जाणं आणि इम्युनिटी यांचं नातं खरंच आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं अर्धं खरं घेतलं, त्याला आकडे जोडले आणि गोळी विकली.

सायटेशन म्हणजे नक्की काय?

एखादा संशोधक पेपर लिहितो तेव्हा शेवटी यादी देतो : मी या या पेपरांचा आधार घेतला. त्या यादीत तुमच्या पेपरचं नाव आलं की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. बस, एवढंच. यूजीन गारफिल्ड नावाच्या माणसानं १९६४ मध्ये या याद्यांची पद्धतशीर सूची छापायला सुरुवात केली. हेतू साधा होता : एखादा जुना पेपर नंतर कुणी कुणी वापरला ते शोधता यावं. गुण द्यायची पद्धत म्हणून ते सुरू झालेलं नव्हतं.

एच-इंडेक्स बराच नंतर आला. २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं तो सुचवला. तो काढायची रीत अशी : संशोधकाचे पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमानं मांडा. समजा सात पेपर आहेत आणि त्यांना ९०, २०, ९, ६, ५, २, ० अशी सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला किमान ५ आहेत, पण सहाव्याला ६ नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५.

आता गंमत बघा. दुसऱ्या कुणाचे सातही पेपर प्रत्येकी ५ वेळा उद्धृत झालेत, तर त्याचाही एच-इंडेक्स ५. आणि तिसऱ्या कुणी आयुष्यात एकच पेपर लिहिला आणि त्याला ९,००० सायटेशन मिळाली, तर त्याचा एच-इंडेक्स १! म्हणून हा आकडा एकटा कधीच वाचायचा नाही.

विषय बदलला की आकडाही बदलतो. इम्युनॉलॉजीत पेपर भरपूर निघतात, एकेका पेपरवर दहा-पंधरा लेखक असतात आणि याद्या लांबलचक असतात. त्यामुळे तिथे सायटेशन पटापट वाढतात. गणितात एकटा माणूस दोन वर्षांत एक पेपर लिहितो. इम्युनॉलॉजीतला ४० आणि गणितातला ४० हे एकाच तराजूत बसत नाहीत.

तिसरा शब्द इम्पॅक्ट फॅक्टर. तो माणसाचा नसतो, जर्नलचा असतो. २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे त्या जर्नलनं २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या लेखांना २०२४ मध्ये सरासरी किती सायटेशन मिळाली. मोठ्या जर्नलमध्येही असे लेख असतात ज्यांना कुणी विचारत नाही. बसमध्ये एक आमदार बसला म्हणून सगळे प्रवासी आमदार होत नाहीत, तसंच हे.

आता एक खरं रेकॉर्ड वाचू

फेब्रुवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या केसगळतीवर एक नाव बातम्यांमध्ये आलं : डॉ. हिंमतराव बावस्कर. मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले, म्हणजे आमच्या शेजारचेच. प्रॅक्टिस रायगड जिल्ह्यात महाडला. २०२२ मध्ये पद्मश्री. त्यांचं म्हणणं असं की या गावांमधल्या रेशनच्या गव्हात सेलेनियम नावाचं मूलद्रव्य फार जास्त आहे, आणि रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही ते प्रचंड वाढलेलं आहे.

या वेळी मी आकडा बघून थांबलो नाही. पबमेड ही वैद्यकीय पेपरांची मोफत सूची आहे, अमेरिकन सरकार चालवतं. तिथे ‘बावस्कर’ इंग्रजीत टाकलं. आडनाव दुर्मीळ असल्यानं काम सोपं झालं. फक्त आद्याक्षरं नीट बघावी लागतात, कारण त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही संशोधक आहेत आणि बऱ्याच पेपरांवर दोघांची नावं आहेत.

यादीत काय दिसतं? लाल विंचू, परत लाल विंचू, मग साप, परत विंचू. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लाल विंचू चावल्यावर हृदयावर परिणाम होणार हे आधीच ओळखायची लक्षणं. १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये, प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या, स्वस्त गोळीचा विंचूदंशावर उपयोग. २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये त्या दोघांची एक चाचणी.

ही २०११ ची चाचणी इम्युनॉलॉजीशी जोडलेली आहे, म्हणून जरा थांबून बघू. विंचवाच्या विषावरची लस, म्हणजे आपण जिला लस म्हणतो ती, खरं तर प्रतिविष असते. घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि ती रक्तातून वेगळी काढून माणसाला देतात. म्हणजे घोड्याची इम्युनिटी आपण उसनी घेतो. प्रश्न असा होता की प्राझोसिन असताना प्रतिविषाचा वेगळा फायदा होतो का. ७० रुग्ण घेतले. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि प्रतिविष. दहा तासांनंतर दुसऱ्या गटातले ३२ जण पूर्ण बरे होते, पहिल्या गटातले ८.

आता या कामाची सायटेशन किती असतील? कॅन्सर किंवा कोविडवरच्या पेपरांशी तुलना केली तर थोडी. कारण विंचूदंशावर काम करणारे लोकच जगात थोडे : भारत, इराण, ब्राझील, मेक्सिको, ट्युनिशिया असे काही देश. पण कोकणातला भाताचा पेंढा उचलताना विंचू चावलेला मजूर प्राझोसिननं वाचला, तर तो पेपर लिहून सायटेशन देत नाही. तो घरी जातो. सायटेशनमध्ये फक्त पेपर लिहिणाऱ्यांची दाद मोजली जाते. बाकीच्यांची दाद कुठल्याच इंडेक्समध्ये येत नाही.

मग एवढं रेकॉर्ड असलेला माणूस सेलेनियम म्हणतोय, म्हणजे सेलेनियमच? नाही. इथेच बहुतेक लोक घसरतात. विंचवावरचं चाळीस वर्षांचं काम एवढंच सांगतं की हा डॉक्टर रुग्ण बघतो, मोजमाप करतो, तपासता येईल असं लिहितो. म्हणून त्याचं म्हणणं गंभीरपणे ऐकायला हवं. ते खरं आहे की नाही, हे मात्र गव्हाचे, रक्ताचे, केसांचे नमुने ठरवतात. किती नमुने, कुठून घेतले, कुठल्या लॅबमध्ये तपासले, दुसऱ्या लॅबला तेच सापडलं का. जुनं रेकॉर्ड म्हणजे दुकानदाराकडं असलेली पत. पत असली की उधार मिळतं, हिशोब माफ होत नाही.

जुन्या, दुर्लक्षित पेपरांची किंमत

सेलेनियमवर वाचायला लागलो तेव्हा मला वाटलं होतं हे काहीतरी नवीन असेल. तसं नाही. चीनच्या हुबेई प्रांतात एंशी नावाचा भाग आहे. तिथे १९६० च्या दशकात लोकांचे केस आणि नखं गळाली होती. १९८३ मध्ये त्यावर सविस्तर पेपर आला : जमिनीत सेलेनियम, पिकात सेलेनियम, माणसात सेलेनियम. आपल्याकडं पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातले मृदाशास्त्रज्ञ कित्येक वर्षं लिहीत आलेत. बुलढाण्यातला तो गहू पंजाब-हरियाणाकडून आल्याचं बावस्करांचं म्हणणं होतं, म्हणून हे जुने पेपर एकदम महत्त्वाचे झाले.

माती आणि गव्हातलं सेलेनियम, यावरचा पेपर कोण वाचतं? इन्स्टाग्रामवर तर कुणी टाकणार नाही. पण एक दिवस शेगाव तालुक्यात केस गळतात आणि तोच पेपर लागतो.

प्रमाण बघा म्हणजे प्रकरण कळेल. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ४० ते ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरतं. अमेरिकेत वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम धरतात, युरोपनं २०२३ मध्ये ती २५५ केली. बावस्करांच्या तपासणीचे जे आकडे बातम्यांत आले, त्यात गव्हामध्ये किलोमागे साधारण १४ मिलिग्रॅम सेलेनियम होतं. आपल्याकडं माणूस दिवसाला ३०० ग्रॅम पोळ्या सहज खातो. त्या हिशोबानं ४ मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त. मर्यादेच्या दहापट. एप्रिल २०२५ मध्ये त्याच गावांमधून नखं गळायच्या बातम्या आल्या, तेव्हा मला एंशीचा पेपर आठवला.

कमी सायटेशन म्हणजे किरकोळ काम नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण इम्युनॉलॉजीतलंच आहे. २००५ मध्ये कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांनी ‘इम्युनिटी’ या जर्नलमध्ये एक पेपर छापला. बाहेरून दिलेला एमआरएनए शरीरात गेला की रोगप्रतिकारशक्ती खवळते. त्यातलं एक अक्षर थोडं बदललं तर ती शांत राहते, असा तो शोध. त्यांना वाटलं आता फोन वाजतील. वाजले नाहीत. कारिकोबाईंना तर त्याआधी, १९९५ मध्ये, विद्यापीठानं खालच्या पदावर ढकललं होतं. पंधरा वर्षांनी कोविड आला, त्याच शोधावर एमआरएनए लसी उभ्या राहिल्या, आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. २००६ मध्ये कुणी त्यांचं प्रोफाइल फोनवर बघितलं असतं, तर "काही खास नाही" म्हणून पुढं स्क्रोल केलं असतं.

आणि भरपूर सायटेशन म्हणजे खरं?

उलट बाजूही इम्युनॉलॉजीच्या अंगणातलीच. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरनं ‘लॅन्सेट’मध्ये १२ मुलांवरचा पेपर छापला आणि गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. पुढं त्यातली माहिती फिरवल्याचं उघड झालं. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नं पेपर मागं घेतला, आणि वेकफिल्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. पण या पेपरची सायटेशन शेकड्यांनी आहेत! कारण त्याला खोडून काढणाऱ्यांनाही त्याचं नाव यादीत द्यावं लागतं. मोजणाऱ्या कॉम्प्युटरला कौतुक आणि शिवी यातला फरक कळत नाही. रीलवर व्ह्यूज वाढतात तसंच आहे, निम्मे लोक शिव्या द्यायला आलेले असतात.

आकडे तयारही करता येतात. २०२४ मध्ये रीस रिचर्डसन आणि निक वाइज या दोन संशोधकांनी लॅरी नावाच्या मांजराच्या नावावर १२ बनावट पेपर तयार केले, त्यांना उद्धृत करणारे आणखी बनावट पेपर तयार केले, आणि सगळं इंटरनेटवर टाकलं. गूगल स्कॉलरनं ते मोजले. मांजराच्या खात्यात शंभरावर सायटेशन जमा झाली. मांजर मस्करी होतं, पण पैसे घेऊन सायटेशन वाढवून देणाऱ्यांचा धंदा खरा आहे, आणि तो दाखवायलाच त्यांनी हे केलं. २०२३ या एका वर्षात जगभरात १०,००० पेक्षा जास्त पेपर मागं घ्यावे लागले.

आपल्याकडं हा धंदा कसा वाढला ते पीएचडी करणाऱ्या कुठल्याही मित्राला विचारा. "पाच दिवसांत पेपर प्रकाशित, सर्टिफिकेटसह" असे मेसेज रोज येतात. पीएचडीला आणि प्राध्यापकाच्या बढतीला पेपर लागायचे, म्हणून पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल निघाली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये याचा हिशोब मांडला. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत गेलेली १,००९ जर्नल त्यांनी तपासली; साध्या निकषांवर टिकली फक्त ११२. म्हणजे शंभरातली अकरा. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मदतीनं २०१९ मध्ये यूजीसी-केअर यादी आली. पीएचडीसाठी पेपर छापायची सक्ती २०२२ च्या नियमांत काढली, आणि केअर यादीही यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. आता जर्नल बरं की वाईट हे संस्थांनी स्वतः ठरवायचं आहे. म्हणजे वाचणाऱ्यानंही.

फोनवर पाच मिनिटांत काय बघायचं

हे सगळं वाचून "मग कुणावरच विश्वास ठेवू नये" असं म्हणू नका. तसं म्हणणं आळशीपणाचं आहे, आणि फॉरवर्डवाल्यांना तेच हवं असतं. मी आता या क्रमानं बघतो :

१. माणूस तोच आहे का? पाटील, जाधव, देशमुख अशी आडनावं असली की एका नावाखाली दहा जणांचे पेपर एकत्र येतात. एकाच प्रोफाइलमध्ये दातांचे रोग, सिमेंट आणि सोयाबीन दिसलं की समजा, सरमिसळ झालीय. संस्थेचं नाव जुळवा. ओआरसीआयडी नंबर असेल तर उत्तम, तो प्रत्येक संशोधकाचा वेगळा असतो.

२. विषय तोच आहे का? प्रोफाइलमधले पहिले दहा पेपर फक्त शीर्षकं वाचा. शब्द कळला नाही तर ट्रान्सलेटला टाका. तुमचा प्रश्न आणि त्यांचे पेपर यांचा संबंध आहे का?

३. सायटेशन कशासाठी? ‘सायटेड बाय’वर टॅप करा, दोन-तीन पेपर उघडा. स्वतःच स्वतःला उद्धृत केलंय का? की खोडून काढलंय?

४. पेपर मागं घेतलेला आहे का? पबमेडवर अशा पेपरवर ठळक पट्टी असते. रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेसही मोफत शोधता येतो.

५. त्या दाव्याचा पेपर आहे का? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. माणसाचे ३०० पेपर असतील, पण "ही गोळी घ्या, केस येतील" याचा एक तरी आहे का?

६. शेवटी काही विकलं जातंय का? असेल तर वरचे पाचही प्रश्न दुप्पट कडक लावा.

मामाच्या डबीचं काय झालं?

फेब्रुवारीत सेलेनियमची बातमी आली त्या रात्री मी ते प्रोफाइल परत उघडलं आणि या वेळी शीर्षकं वाचली. माणूस खरा होता, इम्युनॉलॉजिस्टही होता. पण त्याचं काम कोंबड्यांच्या लसींवर होतं! माणसाच्या केसांवर एकही पेपर नाही. बहुतेक त्याला माहीतही नसेल की त्याचा फोटो आमच्या तालुक्यात फिरतोय.

मग मामाला डबीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितलं. घटकांच्या यादीत बायोटिन होतं, झिंक होतं, आणि चौथ्या ओळीत सेलेनियम.

केसांच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये ते असतं, कारण शरीराला थोडं सेलेनियम लागतंच. डबीतलं प्रमाण लहान होतं. त्यानं मामेबहिणीचं नुकसान झालं असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरात आधीच सेलेनियम जास्त झाल्याचा संशय आहे, तिथे मी "माणूस खरा आहे" म्हणून आणखी थोडं पाठवलं होतं. माझं वाक्य खोटं नव्हतं. मामानं विचारलं होतं ते गोळीबद्दल, आणि मी उत्तर दिलं माणसाबद्दल.

मी फोन करून सगळं सांगितलं. गोळ्या बंद करा, रेशनचा गहू थोडे दिवस बाजूला ठेवा, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, तिथे नमुने घेतायत. मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे कोंबड्यायचा डाक्टर होता व्हय. तरी म्या म्हनलं, तीनशे पेपरात नाव आलं तं आपल्या गावच्या पेपरात काहून नाही आलं."

मामेबहिणीचे केस नंतर हळूहळू परत आले. ती कॉलेजला जाऊ लागली. त्या वर्षीची तिची प्रॅक्टिकल मात्र बुडाली ती बुडालीच.

आता घरच्या ग्रुपवर असा मेसेज आला की ती मला विचारत नाही, स्वतःच पबमेड उघडते. मागच्या आठवड्यात तिनं एका ‘गुडघेदुखीच्या जागतिक तज्ज्ञा’चं प्रोफाइल शोधून ग्रुपवर टाकलं. एच-इंडेक्स २२, विषय : काँक्रीट.